व्हिव्हाल्दी, आंतोन्यो : व्हेनिसमधील पूर्वकारकीर्द (१६७८–१७१८)

व्हिव्हाल्दी, आंतोन्यो : (४ मार्च १६७८ – २८ जुलै १७४१). इटालियन व्हायोलिनवादक व संगीतरचनाकार. बरोक काळातील काँचेर्तो या रचनाप्रकाराला, विशेषतः एकलवाद्य-काँचेर्तोला, निश्चित रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने त्याच्याकडे जाते. चार ऋतूंवरील त्याच्या काँचेर्तोंमुळे त्याचे नाव आज सर्वतोमुखी झाले असले, तरी ते १७२५ मध्ये प्रसिद्ध झाले त्या वेळी तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि युरोपीय संगीताला वेगळे वळण देणारे त्याचे कार्य बव्हंशी त्यापूर्वीच पार पडले होते. ते कार्य त्याने एखाद्या राजदरबाराच्या आश्रयाने केले नाही. टाकून दिलेल्या मुलींच्या एका अनाथालयात, दर वर्षी मतदानाने कायम होणाऱ्या शिक्षकाच्या नोकरीत राहून ते झाले. प्रस्तुत नोंदीत त्याच्या आयुष्याच्या या पहिल्या चाळीस वर्षांचाच विचार केला आहे.

व्हेनिसच्या पूर्वेकडील कास्तेल्लो विभागात त्याचा जन्म झाला. अर्भकाच्या जिवाला धोका दिसल्याने सुइणीनेच घरी त्याचा बाप्तिस्मा उरकून घेतला. उरलेले विधी दोन महिन्यांनी, ६ मे रोजी, सान जोव्हान्नी इन ब्रागोरा या चर्चमध्ये करण्यात आले. ही नोंद १९६० नंतरच्या दशकात अभ्यासकांपुढे येईपर्यंत त्याचे जन्मवर्षही अंदाजानेच सांगितले जात असे. त्याच दिवशी व्हेनिसला भूकंपाचा धक्का बसला, त्याच्याशी काही चरित्रकार सुइणीच्या या घाईचा संबंध जोडतात. परंतु छातीचा एक विकार आपल्याला जन्मापासून जडलेला आहे, अशी तक्रार व्हिव्हाल्दी पुढे स्वतःच करीत असे. ती लक्षात घेता, मूल मुळातच अशक्त होते असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

त्याचे वडील जोव्हान्नी बात्तिस्ता हे मूळचे ब्रेशाचे. व्हेनिसला आल्यानंतर प्रथम ते न्हाव्याचा व्यवसाय करीत; पुढे तो सोडून त्यांनी व्हायोलिनवादन हीच उपजीविका केली. १६८५ मध्ये सान मार्को या व्हेनिसच्या प्रमुख चर्चच्या वाद्यवृंदात त्यांची नेमणूक झाली. तेथील दप्तरात त्यांचे नाव ‘रोस्सी’ असे नोंदलेले आहे. इटालियन भाषेत रोस्सो म्हणजे लाल. घराण्यातील लालसर केसांवरून हे नाव पडले असावे. हे केस थोरला मुलगा आंतोन्यो याच्याकडेही आले आणि पुढे तो पाद्री झाल्यावर सर्व गाव त्याला ‘लाल पाद्री’ म्हणूनच ओळखू लागले. भावंडांपैकी संगीतात तो एकटाच पडला. त्याचे शिक्षण वडिलांकडे झाले, यात शंका नाही. सान मार्कोचा संगीतप्रमुख जोव्हान्नी लेग्रेन्त्सी हाही त्याचा गुरू होता, असे विधान जुन्या ग्रंथांतून आढळते. तथापि लेग्रेन्त्सी १६९० मध्ये निधन पावला आणि त्या वेळी मुलगा अवघा बारा वर्षांचा होता, हे पाहता त्या विधानावर फारशी भिस्त ठेवता येत नाही. १६९६ च्या नाताळात सान मार्कोच्या वाद्यवृंदात जादा व्हायोलिनवादक म्हणून त्याला घेण्यात आले, हा त्याच्या जाहीर वादनाचा पहिला ज्ञात उल्लेख होय. बापलेक पुढेही अनेक वर्षे बरोबरीने वाजवीत राहिले. परक्या प्रवाशांसाठी छापलेल्या व्हेनिसच्या एका तत्कालीन मार्गदर्शिकेत शहरातील उत्तम व्हायोलिनवादकांमध्ये दोघांचाही उल्लेख केलेला आढळतो.

धर्मदीक्षा : पंधराव्या वर्षी, १८ सप्टेंबर १६९३ रोजी, आंतोन्योचा मुंडनविधी होऊन धर्मशिक्षणास आरंभ झाला आणि २३ मार्च १७०३ रोजी त्याला पौरोहित्याची पूर्ण दीक्षा मिळाली. ही दहा वर्षे त्याने धर्मशाळेत न राहता घरीच राहून, स्थानिक चर्चमधील पाद्र्यांच्या हाताखाली काढली. साहजिकच त्याच्या व्हायोलिनच्या तालमीत खंड पडला नाही. बेताच्या परिस्थितीतील कुटुंबाला थोरला मुलगा पाद्री होणे म्हणजे शिक्षण, प्रतिष्ठा व मिळकत यांची एकदमच सोय होण्यासारखे होते. संगीतकार पाद्री ही गोष्टही त्या काळच्या इटलीत मुळीच नवलाची नव्हती. लेग्रेन्त्सी स्वतः पाद्रीच होता.

तथापि दीक्षेनंतर थोड्याच काळात व्हिव्हाल्दीने मास म्हणण्याचे सोडून दिले. वेदीसमोर उभा असताना मनात एक सुरावट आली म्हणून ती टिपून घेण्यासाठी तो विधी अर्धवट टाकून आत गेला, अशी आख्यायिका पुढे प्रचलित झाली. ती मनोरंजक आहे, यापलीकडे तिला महत्त्व नाही. त्याने स्वतः याचे कारण १७३७ मध्ये मार्क्विस ग्वीदो बेंतिव्होल्यो याला लिहिलेल्या पत्रात दिले आहे. छाती आवळली जाण्याच्या विकारामुळे तीन वेळा आपल्याला मास अपुरा ठेवून वेदीवरून उतरावे लागले आणि तेव्हापासून आपण तो म्हणणे बंद केले, असे तो म्हणतो. हा विकार बहुधा दम्याचा असावा. पण हे पत्र लिहिण्याचा प्रसंगही ध्यानात घ्यावयास हवा. तो मास म्हणत नाही व एका गायिकेशी त्याचा निकटचा स्नेह आहे, या सबबीवर फेर्राराच्या कार्डिनलने त्या वेळी त्याला शहरात येण्यास मनाई केली होती आणि त्यामुळे त्याचे तेथील संगीतिकांचे सर्व बेत धुळीस मिळण्याच्या मार्गावर होते. स्वतःच्या बचावासाठी लिहिलेल्या पत्रातील कैफियत थोडी सावधपणेच वाचली पाहिजे. मास म्हणण्याची ताकद नसलेला हा मनुष्य वाद्यवृंदाचे नेतृत्व करीत होता, दूरदूरचे प्रवास करीत होता आणि नाट्यगृहाचा कारभारही हाकीत होता. विकार खरा होताच, परंतु तो त्याच्या सोयीचाही ठरला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

प्येता अनाथालय : व्हेनिसमध्ये त्या काळी चार मोठी धर्मादाय आश्रमगृहे होती. त्यांपैकी प्येता हे १३४६ मध्ये एका फ्रान्सिस्कन साधूच्या पुढाकाराने स्थापन झालेले, टाकून दिलेल्या अर्भकांचे आश्रयस्थान होते. इमारतीच्या भिंतीत एक कोनाडा होता. मूल त्यात ठेवून आई अंधारात निघून जाई. कित्येकदा मुलाबरोबर मोडलेल्या पदकाचा किंवा चित्राचा अर्धा तुकडा ठेवलेला असे. उरलेला अर्धा आईपाशी राही, कधी काळी मूल परत मागण्याची वेळ आलीच तर ओळख पटावी म्हणून. अशी वेळ क्वचितच येई. मुलगे वाढीस लागले की त्यांना एखादा धंदा शिकण्यासाठी बाहेर धाडले जाई. मुली मात्र आश्रमातच राहत व सूतकाम, शिवणकाम, स्वयंपाक, रुग्णसेवा यांत त्यांचे आयुष्य जाई. ज्यांच्या गळ्यात किंवा हातात गुण दिसे, अशा थोड्या मुली निवडून त्यांना संगीताचे शिक्षण देण्यात येई. त्यांचा गट ‘कोरो’ या नावाने ओळखला जाई. कोरोतील मुलींना खाण्यापिण्यात व कामात काही सवलती असत.

या मुलींना आडनाव नव्हते. दप्तरात व श्रोत्यांच्या बोलण्यातही त्यांची ओळख वाद्यावरून होई : व्हायोलिनची मारिया, ऑर्गनची लूचिया, अशी. चर्चमध्ये त्या वरच्या सज्जात, लोखंडी जाळीआड बसून वाजवीत. खालच्या श्रोत्याला पांढऱ्या वस्त्रांतील आकृती अंधुक दिसत आणि आवाज ऐकू येई, एवढेच. फ्रेंच प्रवासी शार्ल द ब्रॉस याने १७३९ मध्ये अशा सुमारे चाळीस मुलींच्या वादनाचे वर्णन केले आहे. कोणतेही वाद्य कितीही अवजड असले तरी त्या त्याला कचरत नाहीत, याचे त्याला विशेष कौतुक वाटले. पुढे रूसोने अशाच दुसऱ्या एका आश्रमातील गायिकांना जाळीबाहेर भेटण्याची खटपट केली. तेव्हा एकीचा डोळा गेलेला, तर दुसरीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण, असे दृश्य पाहून त्याचा प्रथम भ्रमनिरास झाला. मात्र त्यांचे गाणे पुन्हा ऐकताच तो आपली निराशा विसरून गेला, असे तो स्वतःच सांगतो.

संगीताचा हा व्याप निव्वळ भक्तीपोटी चालत नव्हता, हेही स्पष्ट केले पाहिजे. व्हेनिसचे राजकीय व व्यापारी वैभव ओसरू लागले होते आणि युरोपातील उमराव तेथे कार्निव्हल व संगीत यांसाठी येऊ लागले होते. प्येतामधील संध्याप्रार्थना ऐकण्यास आलेला परदेशी पाहुणा दान टाकून जाई. शहरातील श्रीमंत मृत्युपत्रात आश्रमाच्या नावे रक्कम ठेवीत. ज्या चार आश्रमांत ही स्पर्धा चाले, त्यांत कोरोचा दर्जा घसरणे म्हणजे उत्पन्न घटणे होय, हे सरदार घराण्यांतील विश्वस्तांना पुरते ठाऊक होते. त्या उत्पन्नावरच कोनाड्यात रोज येऊन पडणाऱ्या अर्भकांच्या दाईचा खर्च भागवावयाचा होता. कोरोतील एखादीचा विवाह झाल्यास तिला बाहेर जाहीरपणे गाणार-वाजविणार नाही अशी हमी द्यावी लागे. आश्रमाने घडविलेले कौशल्य अशा रीतीने आश्रमाच्या भिंतींआडच राही.

कोरोचा प्रमुख १७०१ पासून फ्रांचेस्को गास्पारीनी हा नामांकित संगीतिकाकार होता. वाद्यवादनाची बाजू बळकट करण्यासाठी स्वतंत्र शिक्षक नेमावेत, असा आग्रह त्याने धरला आणि त्यानुसार सप्टेंबर १७०३ मध्ये, दीक्षेनंतर सहा महिन्यांच्या आत, व्हिव्हाल्दीची व्हायोलिनशिक्षक म्हणून वार्षिक ६० डुकाट वेतनावर नेमणूक झाली. पुढील वर्षी व्हायोल जातीच्या एका वाद्याचे शिक्षणही त्याच्याकडे सोपविण्यात येऊन वेतन १०० डुकाटांवर गेले. वर्गाला शिकविणे, तारा व वाद्ये यांची खरेदी करणे आणि मुलींसाठी नव्या रचना करणे अशी त्याची कामे होती. लहान मुलींना प्राथमिक धडे देण्याचे काम कोरोतील वडील मुली करीत. परिणामी शिक्षकासमोर येई तो तयार वादिकांचा संच. एखादी अवघड कल्पना सकाळी कागदावर उतरवावी आणि त्याच आठवड्यात ती वाजवून पाहावी, अशी सोय युरोपातील फारच थोड्या रचनाकारांना लाभली असेल. व्हिव्हाल्दीच्या काँचेर्तोंतील वाद्यांचे वैचित्र्य, बासून, ओबो, मँडोलिन, व्हायोल यांसारख्या वाद्यांना त्याने दिलेली एकलवादकाची जागा, यांचे मूळ या संचात शोधावे लागते.

या वादिकांपैकी एकीचे नाव विशेष उल्लेखनीय आहे. आन्ना मारिया ही १६९६ च्या सुमारास जन्मलेली मुलगी व्हिव्हाल्दीच्या हाताखाली तयार झाली व आश्रमातील सर्वश्रेष्ठ व्हायोलिनवादिका म्हणून परदेशातही तिची कीर्ती झाली. व्हिव्हाल्दीच्या अनेक काँचेर्तोंच्या हस्तलिखितांशी तिचे नाव निगडित आहे. त्या रचनांतील डाव्या हाताची उंच झेप व धनुष्याची जलद कामे पाहिली, म्हणजे जाळीआडच्या या मुलीची योग्यता कळून येते. तिने सारे आयुष्य प्येतामध्येच काढले. १७८२ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या गुरूला जाऊन चाळीस वर्षे लोटली होती.

आश्रमातील बाहेरच्या शिक्षकांची नेमणूक दर वर्षी विश्वस्तांच्या गुप्त मतदानाने पुन्हा करण्यात येई. व्हिव्हाल्दीच्या बाबतीत हे मतदान क्वचितच एकमुखी होई आणि फेब्रुवारी १७०९ मध्ये सात विरुद्ध सहा मतांनी तो नोकरीला मुकला. त्याच्या फटकळ स्वभावाचा हा परिणाम होता, असे काही लेखक म्हणतात. परंतु वडील विद्यार्थिनीच शिकवू शकतील एवढ्या तयार झाल्या की बाहेरचा शिक्षक विश्वस्तांना अनावश्यक खर्च वाटे. तसे असल्यास स्वतःच्या यशानेच त्याने नोकरी गमावली, असे म्हणावे लागते. सप्टेंबर १७११ मध्ये त्याला एकमताने परत घेण्यात आले. १७१६ मध्ये हाच प्रकार पुन्हा घडला : मार्चमध्ये मत विरुद्ध गेले व मे महिन्यात त्याची ‘काँचेर्तोंचा प्रमुख’ या अधिक मानाच्या पदावर नेमणूक झाली.

प्रकाशित रचना : अशा अस्थिर नोकरीत असलेल्या संगीतकाराला आपले नाव शहराबाहेर पोहोचविणे आवश्यकच होते. व्हिव्हाल्दीची पहिली उपलब्ध छापील कृती म्हणजे दोन व्हायोलिन व मंद्रवाद्य यांसाठी रचलेल्या बारा सोनाटांचा संग्रह. त्याची १७०५ ची व्हेनिसमधील आवृत्ती उपलब्ध आहे. त्या काळी प्रत्येक होतकरू रचनाकाराने प्रथम असाच संग्रह काढावा, अशी प्रथा होती आणि त्यावर कोरेल्लीची छाप असणे हेही ठरलेलेच होते. संग्रहातील बारावा सोनाटा तर ‘फोलिया’ या जुन्या धूनवरील रूपांतरांचा आहे. कोरेल्लीनेही १७०० मधील आपल्या संग्रहाची अखेर याच धूनने केली होती. अनुकरणाबरोबर आव्हानही त्यात आहे.

डिसेंबर १७०८ च्या अखेरीस डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक कार्निव्हलसाठी व्हेनिसला आला आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने प्येतामधील संगीत ऐकले. ही संधी व्हिव्हाल्दीने वाया जाऊ दिली नाही. १७०९ मध्ये निघालेला व्हायोलिन सोनाटांचा त्याचा दुसरा संग्रह या राजालाच अर्पण केलेला आहे. ज्या आश्रमात राजाने ते संगीत ऐकले, त्याच आश्रमाने त्याच हिवाळ्यात त्याला नोकरीतून मोकळे केले, हा योगायोग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

आश्रमाबाहेर काढलेल्या अडीच वर्षांत तो वडिलांबरोबर त्यांच्या मूळ गावी, ब्रेशाला, जाऊन वाजवून आला. तेथील एका चर्चसाठी १७१२ मध्ये त्याने रचलेले ‘स्ताबात मातेर’ हे स्तोत्र त्याच्या आरंभीच्या धार्मिक रचनांपैकी होय. एकाच स्त्रीसुलभ खालच्या पट्टीतील आवाजासाठी व मोजक्या तंतुवाद्यांसाठी ते रचले असून त्यात वाद्यकौशल्याचे प्रदर्शन जवळजवळ नाही. व्हिव्हाल्दी म्हणजे केवळ वेग व झगमगाट, अशी समजूत असणाऱ्याने ते अवश्य ऐकावे. पण या काळातील त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम वेगळेच होते.

लेस्त्रो आर्मोनिको : १७११ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एस्त्येन रोजे या प्रकाशकाने व्हिव्हाल्दीचा ‘लेस्त्रो आर्मोनिको’ (स्वरसंवादाची स्फूर्ती) हा बारा काँचेर्तोंचा संग्रह काढला. तो टस्कनीचा युवराज फेर्दिनांदो दे मेदिची याला अर्पण केलेला आहे. पियानोचा जनक क्रिस्तोफोरी याला आश्रय देणारा तो हाच रसिक युवराज. व्हेनिसच्या रचनाकाराने हॉलंडमध्ये छपाई करावी, यामागे व्यावहारिक कारण होते. व्हेनिसमधील मुद्रक अजूनही सुट्या खिळ्यांनी संगीत छापत. त्यात प्रत्येक स्वरचिन्ह वेगळे पडे. जलद स्वरांचे गट आडव्या रेषेने जोडून दाखविता येत नसत आणि भराभर वाजवावयाच्या ओळी वाचताना वादकाचे डोळे दमून जात. रोजे हा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छपाई करी. त्याची पाने स्वच्छ व सुवाच्य असत. शिवाय लंडनसह अनेक शहरांत त्याचे अडते होते. संग्रहाच्या प्रस्तावनेत व्हिव्हाल्दीने पूर्वीच्या छपाईतील दोषांबद्दल खंत व्यक्त करून रोजेच्या कौशल्याची स्तुती केली आहे.

काँचेर्तो हा प्रकार व्हिव्हाल्दीने शोधला, असे नव्हे. बोलोन्याचा तोरेल्ली व व्हेनिसचाच आल्बिनोनी यांनी त्याचा पाया घातला होता. जलद, विलंबित व पुन्हा जलद ही तीन भागांची मांडणीही त्यांच्याकडे दिसते. व्हिव्हाल्दीने त्याला आतून बांधून काढले. जलद भागाच्या आरंभी सर्व वाद्यवृंद एक ठसठशीत, तालाच्या दृष्टीने चटकन ध्यानात राहणारा मजकूर वाजवितो. हा ‘रितोर्नेल्लो’, म्हणजे परत येणारा. मग एकलवादक स्वतंत्र विहार करतो, रितोर्नेल्लो अंशतः परततो, पुन्हा विहार, असे करीत अखेरीस तो मूळ रूपात प्रस्थापित होतो. ख्यालगायनातील मुखड्याशी परिचित असलेल्या श्रोत्याला ही योजना परकी वाटू नये. फरक आहे तो आधारस्वराचा. ख्यालात प्रत्येक आवर्तनानंतर मुखडा त्याच षड्जाच्या आधाराने येतो, तर व्हिव्हाल्दीच्या रितोर्नेल्लोत जणू षड्जच स्थलांतर करतो. प्रत्येक पुनरागमन नव्या स्वरकेंद्रावर होते आणि शेवटी मूळ स्थानी परतल्यावर श्रोत्याला प्रवास पुरा झाल्याची जाणीव होते. या साध्या योजनेत रचनाकाराला पाहिजे तेवढे स्वातंत्र्य आणि श्रोत्याला वाट न चुकण्याची हमी, अशा दोन्ही गोष्टी साधल्या आहेत. तिच्या यशाचे रहस्य हेच होय. योजना सोपी असल्याने तिचा अतिवापरही झाला, आणि उत्तरकाळात खुद्द व्हिव्हाल्दीही त्या दोषातून सर्वस्वी सुटला नाही, हे मान्य करावयास हवे.

संग्रहात एक, दोन व चार व्हायोलिनांसाठी काँचेर्तो आहेत. त्यांपैकी ए मायनरमधील एकल व्हायोलिनचा सहावा काँचेर्तो जगभरच्या व्हायोलिन-विद्यार्थ्यांच्या अभ्यासात असतो. बी मायनरमधील चार व्हायोलिनांच्या दहाव्या काँचेर्तोच्या मधल्या भागात चारही वादक एकच स्वरसंहती वेगवेगळ्या धनुष्यपद्धतींनी एकाच वेळी वाजवितात. त्यातून सुरावटीऐवजी केवळ ध्वनीचा पोत उभा राहतो. ही कल्पना, चार तयार व्हायोलिनवादक रोज हाताशी असलेल्या माणसालाच सुचण्यासारखी आहे.

या संग्रहाचा प्रसार झपाट्याने झाला. लंडनमध्ये वॉल्शने त्याच्या आवृत्त्या काढल्या. जर्मन बासरीवादक क्वांट्स याने १७१४ मध्ये पिर्ना येथे व्हिव्हाल्दीचे काँचेर्तो प्रथम पाहिले व या सर्वस्वी नव्या प्रकाराचा आपल्यावर मोठा परिणाम झाला, असे आत्मचरित्रात नमूद केले. हॉलंडहून परतलेल्या वायमारच्या तरुण राजपुत्र योहान अर्न्स्ट याच्या संगीतसंग्रहातून ते तेथील ऑर्गनवादक योहान सेबास्टिअन बाखच्या हाती पडले असावेत. १७१३–१४ च्या सुमारास बाखने त्यांतील पाच काँचेर्तो हार्प्सिकॉर्ड व ऑर्गन यांसाठी उतरविले आणि चार व्हायोलिनांच्या काँचेर्तोचे रूपांतर पुढे लाइपसिकला चार हार्प्सिकॉर्डांसाठी केले. बारांपैकी सहा रचना त्याने अशा आपल्याशा केल्या. हे काम म्हणजे केवळ नक्कल नव्हती. रचनेचा सांगाडा उलगडून पाहण्याचा तो अभ्यास होता, आणि बाखच्या नंतरच्या वाद्यरचनांची भक्कम बांधणी त्याशिवाय समजणे कठीण आहे.

काळाची गती पुढे उलटी फिरली. व्हिव्हाल्दी विस्मरणात गेला व बाखच्या पुनरुज्जीवनाच्या काळात तो केवळ बाखने हाताळलेला एक दुय्यम रचनाकार म्हणून उरला. डी मायनरमधील अकराव्या काँचेर्तोचे बाखने केलेले ऑर्गनरूप तर १८४४ मध्ये बाखचा मुलगा व्हिल्हेल्म फ्रीडेमान याच्या नावावर छापले गेले, कारण हस्तलिखितावर त्याने स्वतःचेच नाव घातले होते. ही रचना मूळ व्हिव्हाल्दीची आहे, हे १९११ मध्ये उघडकीस आले. १९२६ नंतर पीएदमाँत प्रांतातील एका धार्मिक विद्यालयात व नंतर एका खाजगी वारसाकडे व्हिव्हाल्दीच्या हस्तलिखितांचे प्रचंड खंड सापडले. फोआ व जोर्दानो या दोन धनिकांनी आपल्या मृत मुलांच्या स्मरणार्थ दिलेल्या देणग्यांमुळे ते १९३० पर्यंत तूरिनच्या ग्रंथालयात एकत्र आले. प्येतासाठी त्याने किती व काय रचले, याची खरी कल्पना त्यानंतरच येऊ लागली.

धार्मिक संगीत व संगीतिका : एप्रिल १७१३ मध्ये गास्पारीनी रजेवर रोमला गेला तो परत आलाच नाही. कोरोसाठी नवी धार्मिक रचना पुरविणे हे व्हायोलिनशिक्षकाचे काम नव्हते. पण विश्वस्तांना दुसरा प्रमुख लवकर मिळेना आणि ते काम व्हिव्हाल्दीवर येऊन पडले. जून १७१५ मध्ये एक संपूर्ण मास, एक संध्याप्रार्थना, एक ऑरेटोरिओ आणि तीसहून अधिक मोटेट यांबद्दल विश्वस्तांनी त्याला ५० डुकाटांचे खास पारितोषिक मंजूर केले. आज सर्वत्र गायिला जाणारा त्याचा डी मेजरमधील ‘ग्लोरिया’ याच वर्षांतील असावा. त्यातील पुरुषांच्या ओळीही आश्रमात मुलीच गात असत, हे आजच्या मिश्र गायकवृंदांकडून ऐकताना सहज विसरले जाते.

त्याच वर्षी, मे १७१३ मध्ये, एक महिन्याची रजा घेऊन व्हिव्हाल्दीने व्हिचेन्त्सा येथे ‘ओत्तोने इन व्हिल्ला’ ही आपली पहिली संगीतिका सादर केली. व्हेनिसमध्ये नवख्याने एकदम उतरण्यापेक्षा शेजारच्या लहान शहरात हात आजमावण्यात व्यवहारी शहाणपण होते. पुढील वर्षी त्याने व्हेनिसच्या सांत आंजेलो या स्वस्त दराच्या नाट्यगृहाच्या कारभारात लक्ष घातले. १७१४ च्या शरद ऋतूत त्याची ‘ओर्लांदो फिंतो पात्सो’ तेथे रंगभूमीवर आली. दिवसा अनाथ मुलींना शिकवावे आणि रात्री गायकांची बिदागी, पडदे, तिकिटे व कर्जे यांचा हिशेब करावा, असे त्याचे आयुष्य सुरू झाले. बेनेदेत्तो मार्चेल्लोने १७२० मध्ये व्हेनिसच्या संगीतनाट्यव्यवसायाची टिंगल करणारी जी पुस्तिका लिहिली, तिच्या मुखपृष्ठावर नावेच्या टोकाशी व्हायोलिन वाजविणारा, पाद्र्याची टोपी घातलेला देवदूत आहे. तो कोण, हे व्हेनिसमध्ये कोणालाही सांगावे लागले नसेल.

त्याच्या वादनाचे सर्वांत प्रत्ययकारी वर्णन फ्रँकफुर्टच्या योहान फ्रीड्रिख आर्मांट फोन उफेनबाख या हौशी संगीतज्ञाने केले आहे. ४ फेब्रुवारी १७१५ रोजी सांत आंजेलोमध्ये संगीतिकेच्या अखेरीस व्हिव्हाल्दीने स्वयंस्फूर्त एकलवादन केले. त्याची बोटे घोडीच्या इतकी जवळ जात की मध्ये काडीएवढेच अंतर राही व धनुष्याला जागाच उरत नसे, आणि तरीही चारही तारांवर तो अचाट वेगाने बहुस्वरी वादन करीत होता, असे उफेनबाख सांगतो. ऐकून तो थक्क झाला, घाबरलाही. परंतु आपल्याला ते विशेष गोड वाटले नाही, असेही त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले. मार्चमध्ये व्हिव्हाल्दी त्याच्या मुक्कामी गेला. उफेनबाखने काही काँचेर्तो मागितले आणि तीनच दिवसांनी व्हिव्हाल्दीने दहा आणून दिले, खास त्याच्यासाठीच रचले असे सांगून. तीन दिवसांत दहा काँचेर्तो ही गोष्ट व्हिव्हाल्दीच्या बाबतीतही अतिशयोक्तीची वाटते. त्यांतील बहुतेक पेटीतूनच निघाले असावेत. पण छापण्यापेक्षा हस्तलिखित विकण्यात अधिक फायदा आहे, हे त्याने आताच ओळखले होते. १७३३ मध्ये एडवर्ड होल्ड्सवर्थ या इंग्रज प्रवाशाला त्याने तसे स्पष्ट सांगितले व प्रत्येक काँचेर्तोमागे एका गिनीची अपेक्षा व्यक्त केली.

१७१६ च्या उन्हाळ्यात तुर्की सैन्याने व्हेनिसच्या ताब्यातील कोर्फू बेटाला वेढा घातला. क्रीट सुमारे पन्नास वर्षांपूर्वी संपलेल्या दीर्घ युद्धात गेले होते, पेलोपोनीस १७१५ मध्ये गेला. कोर्फू पडते तर आड्रिॲटिक समुद्राचे दारच उघडे होते. ऑगस्टमध्ये वेढा उठला आणि नोव्हेंबरात व्हिव्हाल्दीचा ‘जुडिथा ट्रायम्फान्स’ हा लॅटिन ऑरेटोरिओ प्येतामध्ये सादर झाला. बायबलमधील जुडिथ ही विधवा शत्रुसेनापती होलोफर्निसचा त्याच्याच तंबूत शिरच्छेद करते, ही त्यातील कथा. जुडिथ म्हणजे व्हेनिस व होलोफर्निस म्हणजे तुर्की सुलतान, असा खुलासा संहितेतच जोडलेला आहे. सर्व भूमिका, होलोफर्निसचीही, आश्रमातील मुलींनी गायिल्या. व्हिव्हाल्दीने यात प्येताचे सारे वाद्यभांडार खुले केले : तुतारी व नगारे यांच्यासह मँडोलिन, शालुमो, थिऑर्बो व व्हायोलांचा संच. त्याच्या ज्ञात ऑरेटोरिओंपैकी हा एकच संगीतासह उपलब्ध आहे. ज्या शहराने या मुलींना नाव दिले नव्हते, त्याच्या विजयाचे गाणे त्यांनी गावे, याची तत्कालीन श्रोत्यांना काही विसंगती वाटल्याचे दिसत नाही.

याच सुमारास सॅक्सनीच्या युवराजाच्या लवाजम्याबरोबर ड्रेझ्डेनचा व्हायोलिनवादक योहान गेओर्ग पिझेंडेल व्हेनिसला आला व व्हिव्हाल्दीजवळ शिकला. गुरुशिष्याच्या नात्यापेक्षा त्यांत स्नेहाचा भाग अधिक होता. व्हिव्हाल्दीने कित्येक सोनाटा व काँचेर्तो त्याच्या नावे लिहून दिले आणि १७१७ मध्ये परत जाताना पिझेंडेलने हस्तलिखितांचा मोठा साठा सोबत नेला. ड्रेझ्डेनचा वाद्यवृंद त्यानंतर आल्प्सच्या उत्तरेकडील व्हिव्हाल्दी-संगीताचे प्रमुख केंद्र बनला.

१७१८ मध्ये मांतुआचा राज्यपाल, हेसेन-डार्मश्टाटचा राजपुत्र फिलिप, याने व्हिव्हाल्दीला दरबारी संगीतप्रमुख म्हणून बोलाविले. तो व्हेनिस सोडून गेला. आश्रमाची नोकरी सुटली, पण संबंध संपला नाही. जुलै १७२३ मध्ये विश्वस्तांनी नवा ठराव केला : व्हिव्हाल्दीने दरमहा दोन काँचेर्तो पुरवावेत, प्रत्येकी एक झेक्कीनो मोबदला घ्यावा आणि शहरात असेल तेव्हा स्वतः येऊन मुलींची तालीम घ्यावी.